डुकरांचे आरोग्य खुराकातून कसे सांभाळावे

पिल्लांना हगवण लागली की औषध, वाढ खुंटली की टॉनिक, मादी माजावर आली नाही की इंजेक्शन. बऱ्याच फार्मवर कामाचा क्रम असाच असतो, आणि गव्हाणीत काय पडते आहे इकडे लक्ष जाते ते सगळे उपाय थकल्यावर. हा क्रम उलटा असावा असे मला मनापासून वाटते. हगवणीचे जंतू जवळपास प्रत्येक गोठ्यात असतात. त्यांच्यापुढे कोणते जनावर टिकेल आणि कोणते आडवे होईल, हे मोठ्या प्रमाणात आतड्याच्या अवस्थेवर ठरते. आतडे सुस्थितीत राहते ते जनावराने रोज खरोखर किती खाल्ले, किती पाणी प्यायले आणि खाल्लेले किती पचले यावर. म्हणून या लेखात आधी पाणी, मग वयानुसार खुराक, मग साठवण, आणि पुड्या व पूरके सर्वांत शेवटी घेतली आहेत.

खुराक लसीची, स्वच्छतेची किंवा पशुवैद्याची जागा घेत नाही हेही आधीच सांगतो. जास्त ताप, अचानक मृत्यू, कातडीवर लाल-जांभळे डाग, रक्तमिश्रित हगवण, झोकांड्या देत चालणे यांपैकी काहीही दिसले तर खुराकात बदल करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

पहिले काम: पाणी मोजा

खुराकाबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्या पालकाला मी आधी पाण्याबद्दल विचारतो. डुक्कर साधारण एक किलो खाद्यामागे २ ते ३ लिटर पाणी पिते, उष्ण हवेत त्याहून जास्त. पिल्ले पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागू शकते. पाणी कमी मिळाले की खाणे कमी होते, खाणे कमी झाले की दूध आटते, आणि पिल्ले अशक्त दिसू लागली की दोष खाद्याला दिला जातो.

तपासणीला फक्त एक मापी मग आणि घड्याळ लागते. पाणी पिण्याचे निपल (तोंडाने दाबले की पाणी सोडणारी तोटी) दाबून धरा आणि मिनिटभरात किती पाणी येते ते पाहा. दूध तोडलेल्या पिल्लांसाठी मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर, वाढत्या डुकरांसाठी सुमारे १ लिटर आणि पाजणाऱ्या मादीसाठी २ लिटरच्या आसपास धार हवी. टाकीपासून सर्वांत लांबचे निपल आवर्जून तपासा, कमी दाबाची अडचण तिथेच सापडते. पिल्लांच्या निपलला धार फार जोराची असली तरी ती तोंड मागे घेतात, म्हणून त्यांच्या कप्प्यात उथळ वाटीची सोयही ठेवा. गाळ, शेवाळ आणि वास यांसाठी टाकीत वरचेवर डोकवा.

पाणी बंद पडले तर एक मोठा धोका असतो. मीठ असलेले खाद्य चालू आहे आणि पाणी दिवसभर मिळालेले नाही, अशा वेळी मेंदूवर परिणाम होतो. डुक्कर भिंतीला डोके लावून उभे राहते, आंधळ्यासारखे चालते, झटके देते. अशा वेळी एकदम भरपूर पाणी सोडल्यास स्थिती आणखी बिघडते. थोडे थोडे, थांबत थांबत पाणी द्या आणि पशुवैद्याला कळवा.

गाभण आणि पाजणारी मादी

पिल्लाच्या आरोग्याची तयारी मादीच्या गव्हाणीत सुरू होते. गाभण काळात मादीला दिवसाला साधारण २ ते अडीच किलो संतुलित खाद्य पुरते, पण आकडा डोळे झाकून वापरू नका. मादीच्या कमरेच्या हाडावर तळहात ठेवा. थोडा दाब दिल्यावर हाड लागले तर अंगस्थिती ठीक आहे. हात ठेवताच हाड टोचले तर मादी खंगलेली आहे, आणि जोर देऊनही हाड सापडले नाही तर ती लठ्ठ आहे. लठ्ठ मादीला विताना त्रास होतो आणि व्याल्यावर नेमके हवे तेव्हा ती कमी खाते.

गाभण मादीला मोजूनमापून खायला मिळते, त्यामुळे ती भुकेली राहते. रिकामे तोंड चावत राहणे, गज चघळणे ही त्याचीच लक्षणे. तिच्या खाद्यात तंतू वाढवा: गव्हाचा कोंडा, बीटचा चोथा, स्वच्छ वाळलेले गवत, जे मिळेल ते. पोट भरल्यासारखे राहते, कळपातली भांडणे कमी होतात आणि बद्धकोष्ठ टळते. बद्धकोष्ठाला किरकोळ समजू नका. विण्याच्या सुमारास विष्ठा कोरड्या टणक गोळ्यांसारखी पडत असेल तर विणे लांबते, आणि नंतर ताप येऊन दूध न उतरण्याचा धोका वाढतो. त्या आठवड्यात कोंडा आणि पाणी या दोन्हींकडे जातीने लक्ष द्या.

विण्याच्या दिवसांत मादीला उपाशी ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडून द्या. विण्याला प्रचंड शक्ती लागते. शेवटचे खाणे होऊन बरेच तास उलटले असतील तर कळा मंदावतात, आणि मृत पिल्ले जन्मण्याचा धोका वाढतो. शेवटच्या दिवसांत तेवढेच खाद्य दिवसातून निदान ३ वेळा विभागून द्या. व्याल्यावर रोज थोडे वाढवत आठवड्याभरात पोटभर खाण्यापर्यंत आणा. मोठी वेत असलेली मादी रोज ६ ते ८ किलोपर्यंत खाते, आणि तिने खावेच. उष्ण हवेत पहाटे आणि रात्री खायला घाला. दुपारी गव्हाणीत ओले खाद्य आंबत पडू देऊ नका.

पहिला दिवस: चीक आणि लोह

डुकराच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मिळत नाहीत. ती फक्त चिकातून येतात, आणि ती आत घेणारे आतड्याचे दार साधारण पहिल्या २४ तासांत बंद होत जाते. त्या वेळात प्रत्येक पिल्लाच्या पोटात २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. वेत मोठी असेल तर पोटभर प्यायलेली दांडगी पिल्ले तासभर उबदार खोक्यात ठेवा आणि लहानग्यांना सडाला लावा. मग गट बदला. पूरक खाद्याच्या कोणत्याही डब्यापेक्षा हे तासाभराचे काम अधिक पिल्ले वाचवते.

लोहाचे गणितही साधे आहे. पिल्लू सुमारे ५० मिलीग्रॅम साठा घेऊन जन्मते. त्याला रोज ७ ते १० मिलीग्रॅम लागते आणि दुधातून जेमतेम १ मिलीग्रॅम मिळते. म्हणून पक्क्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या काही दिवसांतच, सहसा तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, २०० मिलीग्रॅम लोहाचे इंजेक्शन देतात. मादीच्या खुराकात लोह वाढवून ही कमतरता भरून निघत नाही.

दूध तोडण्याचा आठवडा

सगळ्या लेखातले हे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून इथे जास्त थांबतो.

आईचे दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि जंतूंना आळा बसतो. दूध तुटले की हे आम्ल थांबते, आणि पिल्लाचे स्वतःचे जठराम्ल अजून पुरेसे तयार होत नसते. जठरातली आम्लता घटते, धान्या-पेंडीतली प्रथिने अर्धवट पचतात, आणि न पचलेला भाग मोठ्या आतड्यात कुजतो. ई. कोलाय या जंतूला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. त्याच वेळी पिल्लू आईपासून तुटलेले, नव्या सोबत्यांत पडलेले आणि बहुतेकदा उपाशी असते. अनेक पिल्ले पहिले २४ तास जवळजवळ काहीच खात नाहीत. लहान आतड्याच्या आतल्या बारीक लवेला पोषण आतून वाहणाऱ्या अन्नातूनच मिळते, त्यामुळे उपासाच्या एक-दोन दिवसांत ती आखूड होते. तिसऱ्या दिवशी भुकेने वेडे झालेले पिल्लू भरमसाट खाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यासारखी हगवण सुरू होते.

उपाययोजना आईजवळ असतानाच सुरू करा. दहाव्या दिवसापासून पिल्लांच्या कोपऱ्यात मूठभर खाद्य ठेवा. कमी ठेवा, पण दिवसातून अनेकदा ताजे ठेवा, कारण ओलसर, मूत्राचा वास लागलेले खाद्य पिल्ले हुंगून निघून जातात. शक्य असेल तर २१ ऐवजी २८ दिवसांनी दूध तोडा. त्या आठवड्याभराने आतड्यात पडणारा फरक नंतर कोणत्याही महागड्या खाद्याने भरून काढता येत नाही.

दूध तोडल्याच्या संध्याकाळी कप्प्यात उतरा आणि पिल्लांची पोटे हाताने चाचपा. खाल्लेल्या पिल्लाचे पोट गोलसर, भरीव लागते. न खाल्लेल्याची कूस आत ओढलेली असते. अशा पिल्लांना वेगळी खूण करा आणि त्यांच्यासाठी पातळ खीर करा: एक भाग खाद्य, दोन भाग कोमट पाणी. उथळ लांब गव्हाणीत, दिवसातून ४-५ वेळा, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढीच घाला. उरलेली काढून गव्हाण धुवा. पिल्ले आईजवळ सगळी एकदम पीत असतात, म्हणून गव्हाण सगळ्यांना शेजारी-शेजारी उभे राहता येईल एवढी लांब हवी. चार-पाच दिवसांत पाणी कमी करत कोरड्या खाद्यावर आणा.

खाद्याच्या घटकांत पुढील बदल करा. प्रथिने २२-२३ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास आणा आणि लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले वेगळी घालून तूट भरा. फक्त पेंड कमी करून थांबलात तर हगवण घटेल, पण वाढही घटेल. पचणारे लायसिन या वयात साधारण १.३ ते १.५ टक्के लागते. चुनखडी आम्ल शोषून घेते, म्हणून पहिले दोन आठवडे तिचे प्रमाण आवरते ठेवा आणि फायटेज विकर वापरा, म्हणजे धान्यात अडकलेला स्फुरद मोकळा होतो. दुधाची भुकटी किंवा मठ्ठ्याची भुकटी महाग असते, पण पहिल्या आठवड्यात ती घालण्यात अर्थ आहे. ४-५ टक्के जाडसर गव्हाचा कोंडाही चालतो. न विरघळणारा तंतू आतड्यातला माल पुढे ढकलतो. बुळबुळीत, पाणी धरणारे तंतू मात्र या दिवसांत टाळा.

पूर्वी या आठवड्यात झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत, म्हणजे २५०० ते ३००० पीपीएम (खाद्याच्या दहा लाख भागांत इतके भाग), सर्रास घातले जाई. हगवण थांबत असे, पण जस्त विष्ठेवाटे मातीत साठते आणि जंतूंमध्ये औषधप्रतिकार वाढायला मदत होते. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले, आणि जस्ताची ही औषधी मात्रा जून २०२२ पासून. तिथले पालक आज कमी प्रथिने, आम्ले, तंतू आणि उशिरा दूध तोडणे यांवर भर देतात. याच वाटेने जा, बंदीची वाट पाहू नका.

हगवण लागलीच तर पाणी आणि क्षारांचे द्रावण आधी. ते उथळ भांड्यात, साध्या पाण्याशेजारी ठेवा. खाद्य पूर्ण तोडू नका, कमी करून अनेकदा द्या. सर्वांत सशक्त, झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या आणि ती लडखडू लागली तर तो सूजरोग असू शकतो. तेव्हा सगळ्या गटाचे खाद्य लगेच आवरा आणि डॉक्टर गाठा.

वाढती डुकरे: दळण आणि नियमितपणा

वाढत्या डुकरांत लायसिनची गरज १ टक्क्याच्या आसपास येते आणि बाजारवजनाजवळ ०.६-०.७ टक्क्यांवर उतरते. त्याहून जास्त प्रथिने दिली तर ती मूत्रातून अमोनिया होऊन हवेत येतात आणि फुप्फुसांना त्रास देतात. खोकला आणि डोळ्यांतून पाणी हा खुराकाचाही प्रश्न असू शकतो, तो असा. खाद्याची धूळ उडत असेल तर १ टक्का तेल मिसळा.

इथे माझा आग्रह दळणाबद्दल आहे. धान्य जितके बारीक तितके पचन चांगले हे खरे, पण पिठासारख्या दळणाने जठराच्या वरच्या भागात व्रण पडतात. सरासरी कण ६०० ते ७०० मायक्रॉनचा (०.६ ते ०.७ मिलिमीटरचा) असावा. चिमटीत घेतल्यावर रव्यासारखा लागला पाहिजे, बोटांना पिठासारखा चिकटता कामा नये. दळणयंत्राची चाळण आणि हातोडे झिजले की दळण बदलते, म्हणून ते नेमाने पाहा. खाद्य संपून गव्हाण दिवसभर रिकामी राहणे हे व्रणाचे दुसरे मोठे कारण. फिकट पडलेले, डांबरासारखी काळी विष्ठा टाकणारे, दात खाणारे डुक्कर दिसले तर व्रणाची शंका घ्या.

कच्चे सोयाबीन देऊ नका. त्यातले ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचे पचन अडवतात, ते योग्य भाजल्यावर किंवा शिजवल्यावरच निष्प्रभ होतात. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते, कडू कसाव्यात सायनाइड तयार होते, हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलानिन असते; ही तिन्ही विषारी द्रव्ये आहेत. स्वस्त मिळाले म्हणून यांचा ढीग लावू नका.

कुठलेही खाद्य बदलायचे तर ५ ते ७ दिवस घ्या, जुने कमी करत नवे वाढवा.

बुरशी: न दिसणारे नुकसान

डुक्कर बुरशीच्या विषांना फार संवेदनशील असते. झिअरालेनोनमुळे लहान माद्यांची योनी लाल, सुजलेली दिसते, माज बिघडतो. डिऑक्सिनिव्हॅलेनॉलचे प्रमाण १ पीपीएमच्या वर गेले की डुकरे गव्हाणीपाशी येतात, हुंगतात आणि परत जातात. प्रमाण बरेच वाढले तर ओकतात. अफलाटॉक्सिन यकृत खाते आणि प्रतिकारशक्ती पाडते, त्यामुळे लस देऊनही कळप आजारी पडतो. फ्युमोनिसिनने फुप्फुसात पाणी होते.

धान्य १३ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर साठवा. धान्याची मूठ आवळून पाहणे पुरेसे नाही, ओलावामापक वापरा. तुटके दाणे आणि भुसा यांत विष जास्त साठते, त्यामुळे चाळून घेतलेले धान्य बरेच सुरक्षित होते. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवा. स्वयंचलित गव्हाणीच्या कोपऱ्यात हात घालून पाहा: तिथे खाद्याचे गच्च गोळे, कुबट वास आणि हिरवट थर सापडतो, आणि डुकरे रोज त्यातूनच खात असतात. तो थर महिन्यातून एकदा तरी खरवडून काढा.

बुरशीचे विष बांधणाऱ्या पुड्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बेंटोनाइटसारखी माती अफलाटॉक्सिन चांगले बांधते, पण डिऑक्सिनिव्हॅलेनॉलवर तिचा फारसा उपयोग होत नाही. पुडी घातली म्हणून खराब धान्य चांगले होत नाही. गाभण माद्यांना आणि पिल्लांना असे धान्य कधीच घालू नका.

खरकटे

हॉटेल, खानावळीचे खरकटे फुकट मिळते, पण त्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर, क्लासिकल स्वाइन फीव्हर आणि लाळ्या-खुरकूत येऊ शकतात. खारवलेल्या, गोठवलेल्या डुकराच्या मांसात आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू महिनोन्महिने टिकतो. ब्रिटनमधली २००१ची लाळ्या-खुरकूताची साथ न उकळलेले खरकटे घातल्याने सुरू झाली असा तिथल्या तपासाचा निष्कर्ष आहे. अनेक देशांत खरकट्यावर पूर्ण बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही सगळा माल १०० अंशांवर निदान ३० मिनिटे, ढवळत, खळखळून उकळावा, आणि कच्च्या मालाची बादली शिजलेल्याला कधीच लागू नये. माझा सल्ला मांसाचा संपर्क आलेले काहीही न घालण्याचा आहे. एका वेळच्या बचतीपायी सगळा कळप जाऊ शकतो.

खनिजे, थोडक्यात

कॅल्शियम जास्त आणि जस्त कमी झाले की पायांवर, पोटावर दोन्ही बाजूंना सारख्याच खवल्या-खपल्या येतात. खरजेसारख्या दिसतात, पण खाज फारशी नसते. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडले की दांडगी पिल्ले हृदयाच्या बिघाडाने अचानक मरतात. खवट तेलाने ई जीवनसत्त्व नष्ट होते. सेलेनियम ०.३ पीपीएमपेक्षा जास्त घालू नका, ५ पीपीएमच्या पुढे ते विष ठरते, खूर सुटतात, केस गळतात. खुरांना भेगा असतील तर बायोटिन हे जीवनसत्त्व द्या, पण परिणाम दिसायला महिने लागतात. चांगल्या खनिज मिश्रणावर स्वतःच्या मनाने दुसरे मिश्रण घालू नका.

पूरके कशी निवडावी

बेंझोइक आम्ल, फॉर्मिक आम्ल आणि त्याचे क्षार दूध तोडल्यानंतर खरोखर उपयोगी पडतात. फायटेजही. प्रोबायोटिकचा, म्हणजे उपयुक्त जंतूंच्या पूरकाचा, परिणाम जंतूच्या जातीनुसार, फार्मनुसार बदलतो. आंबवलेले ओले खाद्य मला आवडते, कारण सामू (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितके आंबट) ४.५ च्या खाली गेला की साल्मोनेला हा रोगजंतू तगत नाही, पण फक्त धान्य आंबवा. पूर्ण खाद्य आंबवले तर वरून घातलेले लायसिन जंतूच खाऊन टाकतात.

काही नवे वापरायचे असेल तर एकाच वेतीतली पिल्ले वजनाने सारख्या दोन कप्प्यांत विभागा आणि एका कप्प्यालाच पूरक द्या. बाकी सगळे सारखे ठेवा. दूध तोडताना आणि चौदाव्या दिवशी वजन घ्या, रोज सकाळी पातळ विष्ठा असलेली पिल्ले मोजून पाटीवर लिहा, संपलेले खाद्य तोलून नोंदवा. दोन-तीन वेतींत सलग फरक दिसला तरच ते पूरक विकत घ्या.